निजलेली ऊब

“वाटी रिकामी परत करायची नाही. घरात काहीच नसलं तर साखरेचे चार दाणे घाल, पण रिकामी नको.”

आईला जाऊन वर्षं लोटली होती, तरी शेजारची वाटी धुऊन पुसताना ऋजुता घोलपच्या कानाशी हे वाक्य आईच्याच आवाजात यायचं. त्या मंगळवारी सकाळीही आलं. तिने शेवंतामावशींच्या वाटीत थोडे बेदाणे घातले, वर रुमाल बांधला, अंगावर जाडजूड हिमकोट चढवला आणि ती बाहेर पडली.

सकाळ म्हणायची ती घड्याळापुरती. उत्तरखाडीत सूर्य मावळून बरेच दिवस झाले होते आणि तो पुन्हा उगवायला अजून कित्येक आठवडे होते. ध्रुवाजवळचा समुद्र उन्हाळ्यात जहाजांना मोकळा होऊ लागला, तेव्हा बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या दुरुस्तीसाठी हे बंदर वसवलं गेलं. कामाला कोकणच्या किनाऱ्यावरची माणसं आली, ज्यांच्या कैक पिढ्या होड्या बांधण्यात गेल्या होत्या. येताना त्यांनी कुळथाचं पीठ आणलं, गाऱ्हाणी आणली, आणि शेवंतामावशी बांदकरांनी फडक्यात गुंडाळून विरजण आणलं. त्या एका विरजणावर सगळी वस्ती दही खात होती.

मावशींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर नुसतं लुगडं होतं. शाल नाही, स्वेटर नाही.

“मावशी, अशा काय उभ्या? बाहेर बघा तरी.”

“अगो, आज घर काय सुरेख उबलंय. पहाटेपासून. दहीसुद्धा घटकाभरात लागलं.” मावशींनी बेदाण्याची वाटी घेऊन विरजण लावलेल्या दुधाची नवी वाटी तिच्या हातात ठेवली. “तुझी कोठी हो, गुणाची आहे.”

ऋजुताला बरं वाटलं. घर तापवणारी ही कोठी बसवून घ्यायला सगळ्यात जास्त कुरकुर मावशींनीच केली होती.

मग मावशींनी आवाज खाली आणला. सूर्य मावळल्यापासून त्यांनी विरजण देणं बंद केलं होतं. दिवेलागणीनंतर घरातलं दही, मीठ, विरजण दुसऱ्याला द्यायचं नाही, ही त्यांच्या सासूची शिस्त. आणि त्यांच्या हिशेबी उत्तरखाडीत सध्या एक लांबच लांब तिन्हीसांज चालू होती. वस्तीत यावरून भरपूर चेष्टा झाली. मावशींचे यजमान धोंडूकाका तर येईल त्याला सांगत, की आमच्याकडे आता ताक वसंत ऋतूत मिळेल. पण मावशी ढळल्या नाहीत. फक्त ऋजुताचं विरजण गेल्या आठवड्यात मेलं, आणि तिचा मंगळवारचा उपास दिवा लावून दहीभातावर सुटतो हे मावशींना ठाऊक होतं, म्हणून तिच्यापुरता हा अपवाद.

“देवाच्या कामाला तिन्हीसांज नसते,” त्या म्हणाल्या. “पण कुणाला सांगू नकोस. नाहीतर सगळे वाट्या घेऊन उभे राहतील.”

ऋजुता हसली. घरी जाऊन तिने हातमोज्यांतल्या हातांनीच वाटी कोठीच्या झाकणावर ठेवली. तिथे, कोठीतली हवा आत-बाहेर करणाऱ्या श्वासनलिकेच्या तोंडाशी, घरातली सगळ्यात कोमट जागा होती. वस्तीतली प्रत्येक बाई आपल्या घरच्या कोठीवर दही तिथेच ठेवायची. कोठीच्या आराखड्यात त्या जागेचा असा काही उपयोग दाखवलेला नव्हता. आराखडा ऋजुताचाच होता. देवापुढच्या तुपाच्या वाटीकडे तिने सवयीने पाहिलं. नेहमीसारखं पांढरं, दगड झालेलं. संध्याकाळी चमच्याने खरवडूनच निरांजनात घालावं लागणार होतं. हातमोजे तिने अंगणातल्या पेटीत टाकले, दुसरे घातले आणि ती कार्यालयाकडे निघाली.

*

कार्यालयातल्या भिंतीवर एक स्थितिफलक होता. वस्तीतल्या प्रत्येक घराची उष्माकोठी त्यावर एका हिरव्या पट्टीने दिसायची. पट्टी जितकी लांब, तितकी त्या घराची ऊब शिल्लक. ऋजुताची स्वतःची पट्टी तेवढी त्यावर नव्हती. आधी लोकांची घरं जोडू, आपलं काय, कधीही, असं म्हणता म्हणता हिवाळा आला होता.

सकाळपासून आखडत आलेली बांदकरांची पट्टी दुपारच्या चहाच्या सुमाराला तिच्या नजरेला पडली.

आधी तिला वाटलं, मापक बिघडला. कारण ऊब अशी संपत नाही. पूर्वी या घरांत तेलाच्या शेगड्या होत्या. जहाजाने येईल तेवढं तेल, सगळ्या भिंती काजळलेल्या, आणि दर हिवाळ्यात कुणीतरी धुराने गुदमरलेलं. त्या काढून ऋजुताने उष्माकोठ्या बसवल्या. कोठीत एक क्षार असे. उन्हाळ्यात, जेव्हा इथे सूर्य मावळतच नाही, तेव्हा छतावरच्या तापपट्ट्या तो क्षार वितळवत. एकदा वितळला की तो थंड झाला तरी गोठत नसे. तसाच, पाण्यासारखा, आपली उष्णता पोटात घेऊन निजून राही. हवी तेव्हा त्याला त्याच क्षाराच्या एका खड्याचा स्पर्श करायचा. तो त्या खड्याभोवती भराभर गोठत जाई आणि पोटातली उष्णता सोडून देई. पहिल्या कोठ्यांतला प्रत्येक कप्पा हाताने जागा करावा लागायचा. यंदाच्या उन्हाळ्यात तिने त्यात सुधारणा केली होती. सगळे कप्पे एका बारीक नळीने जोडले आणि प्रत्येक जोडावर एक उष्णद्वार बसवलं. हा जोड कायम पासष्ट अंशांवर गरम राही. क्षार अट्ठावन्नला वितळतो, त्यामुळे एका कप्प्यातलं गोठणं त्या गरम जोडापाशी विरघळून थांबे. द्वार थंड केलं की पुढचा कप्पा उठे. आपोआप, एकामागून एक, हिवाळाभर.

आता बांदकरांच्या घरचे सगळे कप्पे एकदम उठले होते.

तिने पुण्याला चित्रसंवाद लावला. पडद्यावर डॉ. शरयू ओगले आल्या. ऋजुता त्यांच्या हाताखाली शिकली होती; बाई स्फटिकांखेरीज फारशा कुणाशी गोड बोलत नसत.

“उष्णद्वारं बंद पडली असतील,” बाई म्हणाल्या.

“चालू आहेत, बाई. पासष्टवर. दोनदा तपासलं.”

“कोठीत किती आहे?”

“एक्क्याऐंशी.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ऋजुताने आकडा पुन्हा वाचला; तोच होता. अट्ठावन्नला वितळणारा पदार्थ गोठताना अट्ठावन्नच्या वर कोठी तापवू शकत नाही. हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत असे.

“मग हा आपला स्फटिक नाही,” बाई हळूच म्हणाल्या. “क्षार तोच, रचना वेगळी. त्याच चिऱ्यांचं दुसरं घर, जास्त पक्कं. ते वितळायला एक्क्याऐंशी अंश लागतात. म्हणून तो तुझ्या पासष्टच्या द्वारातून चालत गेला. त्याच्या लेखी तिथे द्वार नव्हतंच.”

“आपण हजारो वेळा गोठवलाय हा क्षार. हे रूप कधी दिसलं नाही.”

“कारण त्याचा पहिला कण कधी जन्माला आला नव्हता. पहिला कण जुळणं महाकठीण असतं. काही परकं लागतं टेकायला, योग्य घाण लागते. पण एकदा जुळला की पुढे सोपं. तू दही लावतेस ना? दुधात विरजण पडेपर्यंत ते दूध असतं. पडल्यावर तू त्याला दूध राहा म्हणून सांगू शकत नाहीस.”

“म्हणजे हा दुसऱ्या कोठीत गेला तर...”

“तीही याच रूपात गोठेल. औषधांच्या कारखान्यांत असं झालेलं आहे, ऋजुता. नवं, पक्कं रूप निघालं आणि जुनं औषध बनेनासं झालं. डोळ्याला न दिसणारा कण पुरतो. कपड्यांवर, केसांत, नखांत. अंघोळीने भागत नाही. माणूस ज्या प्रयोगशाळेत गेला, तिथे तो कण गेला. आणि तुझ्या कोठ्या तर श्वास घेतात.”

श्वासनलिका. गरम होताना फुगणारी हवा बाहेर जावी, थंड होताना आत यावी, म्हणून प्रत्येक कोठीचं तोंड घरात उघडं होतं. बांदकरांची कोठी पहाटेपासून एकाच दमात तापत, तो सूक्ष्म भुगा घरभर सोडत होती.

ऋजुताने उरलेला प्रश्न विचारला, उत्तर माहीत असूनही. “उन्हाळ्यात वितळवता येईल?”

“तुमच्या तापपट्ट्या किती जातात?”

“सत्तर.”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “मग ती कोठी कायमची मेली. बाकीच्या वाचव.”

*

बंदरप्रमुख हेमंत सावर्डेकर वाईट माणूस नव्हता. फक्त तो आधी डोकी मोजायचा आणि मग बोलायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि घराघरात बिनतारी निरोप गेला : बांदकरांच्या घरी कुणी जायचं नाही, त्यांच्या घरचं कुणी बाहेर पडायचं नाही. मग ऋजुताने फलकावरून प्रत्येक घराची उष्णद्वारं नव्वदवर नेली. त्याला इतकी वीज लागली की वस्तीतले रस्त्यांवरचे दिवे विझवावे लागले, कारण पवनचक्क्यांचं बळ मर्यादित होतं. श्वासनलिकांची तोंडं ज्याने त्याने मेणाने लिंपली. ही दोन तासांची धावपळ सगळ्यांना बरी वाटली, कारण तेवढा वेळ विचार करावा लागला नाही.

पण नव्वदच्या द्वारांनी आणि मेणाने पुढचा धोका टळत होता. आधीच कुठे कण गेला असेल, तर? सावर्डेकर एकेका घराला विचारत गेला : बांदकरांकडून काही आलंय? कपडे, अवजारं, बूट, भांडी? सगळीकडून ‘नाही’ असंच उत्तर आलं. शेवटी ऋजुताने स्वतः मावशींना विचारलं.

“मावशी, नीट आठवून सांगा. दोन दिवसांत तुमच्या घरून कुणाकडे काही गेलं?”

“दिवेलागणीनंतर मी काही देत नाही, तुला ठाऊक आहे,” मावशी म्हणाल्या.

ऋजुताने मान डोलावली आणि सावर्डेकरला सांगितलं, काही नाही. विरजणाची वाटी घरातून जाणं हे कोकणातल्या कुठल्याच बाईच्या मनात देण्याघेण्यात धरलं जात नाही. मावशींच्या मनात ते आलं नाही, आणि ऋजुताच्याही नाही; धावपळीत सकाळची आपली दारातली भेटही तिच्या ध्यानात आली नाही.

आता प्रश्न उरला बांदकरांचा.

निजलेल्या उष्णतेला पांघरूण लागत नाही; म्हणून कोठ्यांना जाड आवरण कधी दिलंच नव्हतं. हिवाळाभराची ऊब आता त्या एका घरातून ओसंडत होती. धोंडूकाकांनी बिनतारीवर सांगितलं, की आपण सदरा काढून बसलोय आणि मालवणच्या मे महिन्याची आठवण येतेय. ते हसले. कुणी हसलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत ती कोठी गार पडणार होती, आणि बाहेर पारा शून्याच्या खाली तीस होता. शिवाय सकाळपासून हिमवादळ येणार होतं. ते आलं की चार-पाच दिवस दोन घरांमधलं अंतरही ओलांडता येणार नव्हतं. त्यांना दुसऱ्या घरात हलवणं म्हणजे ते घर मारणं. कार्यालयातही तशीच कोठी होती. वखारीला कसलीच ऊब नव्हती. पण तिथे जुन्या तेलाच्या शेगड्या रचून ठेवल्या होत्या.

सावर्डेकरने माणसं लावून एक शेगडी, तेलाचे डबे आणि चिमणीचे तुकडे घसरगाडीवरून बांदकरांच्या दाराबाहेर नेऊन ठेवले. माणसं दाराला हात न लावता परत आली.

“काकांना डोळ्यांनी दिसत नाही,” ऋजुता म्हणाली. “मावशींची बोटं वळत नाहीत. चिमणी छताच्या भोकात बसवायची, सांधे बंद करायचे, तेलाची धार लावायची. सांधा जरा उघडा राहिला तर झोपेत दोघंही जातील. ती शेगडी मी काढलीय. ती मीच लावू शकते.”

“आणि मग तुम्ही उन्हाळ्यापर्यंत तिथेच,” सावर्डेकर म्हणाला.

“हो.”

“बाई, उद्या वादळात एखादं उष्णद्वार बंद पडलं, तर त्या घरात कोण जाणार? मी? मला पान्याचं कुठलं टोक धरायचं तेही कळत नाही.” त्याने फलकाकडे बोट केलं. “तिकडे दोन माणसं आहेत. इकडे किती आहेत ते तुम्हाला दिसतंय. आणि तुम्ही एकच आहात. एकदा त्या दारातून आत गेलात की बाकीच्या प्रत्येक घराला तुम्ही बंद.”

तो चूक बोलत नव्हता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. गेल्या वर्षी मावशींच्या घरातली शेगडी सगळ्यात शेवटी निघाली होती. तीन वेळा ऋजुता माणसं घेऊन गेली, तीन वेळा मावशींनी चहा पाजून परत पाठवली. विस्तव डोळ्यांना दिसायला हवा, त्या म्हणत. भिंतीतलं पाणी गरम करणार म्हणजे काय, ते रुसलं तर कुणाला विचारू? शेवटी ऋजुताने त्यांच्या देवापुढे उभं राहून सांगितलं होतं : तुमचं घर कधी गार पडलं, तर मी स्वतः येईन आणि ही शेगडी माझ्या हाताने पेटवून देईन. तेव्हा कुठे मावशी बाजूला झाल्या.

तिने बिनतारी उचललं. सावकाश, एकेक तुकडा सांगत गेली. कुठला आधी, कुठला मग. पलीकडून धातूवर धातू आपटल्याचे आवाज आले, काकांचा दम लागलेला श्वास आला, मग काहीतरी खाली पडलं आणि गडगडत गेलं. 

“मावशी?”

“आहे गो. चिमणीचं कोपर बसत नाही वरच्या भोकात.” आवाज अगदी शांत होता. “तू शब्द दिला होतास, त्याची आठवण नाही हो करून देत. चाळीस घरांचं तुझ्या डोक्यावर आहे, मला समजतं. नुसतं विचारते, चिमणीचं तोंड कुठल्या अंगाला ठेवायचं?”

ऋजुताने सांगितलं, समुद्राच्या उलट अंगाला. मग तिने बिनतारी खाली ठेवलं आणि ती फलकावरच्या बांदकरांच्या पट्टीकडे वळली.

“थोडा वेळ थांबू,” सावर्डेकर पुटपुटला. “जमेल त्यांना. तुम्ही सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाहीत.”

“आज मंगळवार आहे.”

“मग घरी जा, दिवा लावा, दोन घास खा. तासाभरात या. रात्र मोठी आहे.” आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने मान खाली घातली. उत्तरखाडीत रात्रीचं ते विशेषण कुणी हल्ली वापरत नसे.

*

रस्त्यावरचे दिवे नव्हते. ऋजुता कपाळावरच्या बत्तीच्या उजेडात चालत होती आणि मनातल्या मनात तेच तेच मांडत होती. एकीकडे दोन, एकीकडे उरलेले सगळे. उत्तर दर वेळी सावर्डेकरच्या बाजूने यायचं. देवापुढे दिलेला शब्द या गणितात कुठल्या रकान्यात घालायचा ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

वाटेत बांदकरांचं घर लांबून दिसलं. सगळ्या खिडक्या उघड्या, आतून पिवळा उजेड आणि वाफ. इतकी ऊब बाहेर वाया जाताना तिने या गावात कधी पाहिली नव्हती. छतावर चिमणी नव्हती.

घरी येऊन तिने बूट काढले, हातपाय धुतले, देवापुढे पाट मांडला. निरांजनात फुलवात ठेवली. मनाशी तिने एवढंच म्हटलं, की मला वाट दाखवू नकोस, एखादी बंद तरी कर. मग चमचा घेऊन ती तूप खरवडायला गेली.

चमचा तुपात बुडाला.

ती तशीच थांबली. वाटी हलवून पाहिली. तूप या कडेवरून त्या कडेवर गेलं, पिवळं, पातळ, तळ दिसेल असं. या घरात येऊन तिला दोन वर्षं झाली होती आणि हिवाळ्यात पातळ तूप तिने इथे एकदाही पाहिलं नव्हतं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की घरात शिरल्यावर आपण स्वेटर काढला आहे. कधी काढला ते आठवत नव्हतं. काढावासा वाटला, म्हणून काढला.

ती उठली आणि कोठीपाशी गेली. झाकणावर हात ठेवला आणि लगेच मागे घेतला. झाकणावर, श्वासनलिकेच्या तोंडाशी, मावशींची वाटी होती. दही कधीच लागून आंबलं होतं, वर पाणी सुटलं होतं.

सगळं एका क्षणात जागच्या जागी बसलं. वाटी मावशींच्या कोठीवरही अशीच ठेवलेली असे, रोज, सगळ्या वस्तीला द्यायचं विरजण तिथेच लागे. दुधाची वाफ, दह्याचा ओशट, आंबट कण त्या तोंडातून आत जात राहिला असेल, आणि कधीतरी त्या परक्या कणावर नव्या रूपाचा पहिला खडा टेकला असेल. बाई म्हणाल्या होत्या, योग्य घाण लागते. आज पहाटे कोठी उठली, तिने उच्छ्वास सोडला, आणि त्याच्या वाटेतच ही वाटी होती. ऋजुताची उष्णद्वारं पासष्टवरच होती, कारण तिचं घर फलकाला जोडलेलंच नव्हतं. मेणही लावलं नव्हतं. तिने दुसऱ्या सगळ्यांना सांगितलं होतं.

किती घरांत अशी वाटी गेली असती, हा विचार पुढे तिच्या मनात आला आणि ती वस्तीतली घरं मोजू लागली. रोजच्यासारखं मावशींनी दही वाटलं असतं तर आज वस्तीत एकही कोठी निजलेली राहिली नसती. पण सूर्य मावळला होता. दिवेलागण झाली होती. मावशींनी एकटीलाच दिलं होतं, देवासाठी.

तिने बिनतारी उचललं.

“सावर्डेकर, माझ्या देवापुढचं तूप वितळलंय.”

 उत्तरखाडीत राहणाऱ्या माणसाला याचा अर्थ समजवावा लागत नाही.

“कसं?” त्याने विचारलं.

तिने वाटीचं सांगितलं. सकाळी ती हातमोज्यांनी धरली होती, ते अंगणातल्या पेटीत आहेत, ती पेटी उघडू नका, म्हणाली. कार्यालयातली श्वासनलिका आपण दुपारीच बंद केली आहे, तरी सकाळचाच कोट घालून मी तिथे आले होते, तेव्हा तिथल्या पट्टीवरची नजर काढू नका. आणि मी आता तिकडे येणार नाही.

“म्हणजे तुम्हाला आता कुठल्याच...” तो थांबला.

“एका घरात जाता येईल.”

 पलीकडून सावर्डेकरचा आवाज आला. “उद्या एखादं द्वार अडलं तर तुम्ही तिथून बोला. मी हात लावीन. पान्याचं कुठलं टोक ते आधी सांगा.”

“सांगेन,” ती म्हणाली.

तिने निरांजन लावलं. दोन बोटांत मावेल एवढी ज्योत, पण डोळ्यांना दिसणारी. नमस्कार केला. दहीभाताला वेळ नव्हता, म्हणून गुळाचा खडा तोंडात टाकून उपास सोडला. मग अवजारांची पिशवी भरली : पाने, सांधे लिंपायचा चिखल, तारा, आणि काकांची जुनी काडेपेटी, जी शेगडी काढताना त्यांनी तिला गंमत म्हणून दिली होती.

दाराशी जाऊन ती परत फिरली. मावशींची वाटी तिने घासली, पुसली आणि त्यात देवापुढचं पातळ तूप ओतलं. वर रुमाल बांधला.

बाहेर वारा उठू लागला होता. लांब, उघड्या खिडक्यांच्या त्या एका घरात पिवळा उजेड अजून होता, पण वाफ आता विरळ झाली होती. ऋजुता एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात वाटी सांभाळत त्या दिशेने चालू लागली. काही पावलांवरच रुमालाखाली हिंदकळणं थांबलं. तूप थिजलं होतं. आता ते सांडण्याची भीती नव्हती. तिने पाय जरा भरभर उचलला.